स्कार्वोयची ओस्ता आणि खुनी गोगलगाय

ओस्ता रेनविकने एकतीस वर्षं फेरीबोटीवर काढली. बोटीच्या खालच्या मजल्यावर एक छोटं उपाहारगृह होतं. तिथे तव्यावर जाड गोड धिरडी घालायची, गरम असतानाच त्यावर लोणी आणि तपकिरी चीज ठेवून दुमडायची आणि कॉफीबरोबर लोकांच्या हातात द्यायची, हे तिचं काम. पलीकडच्या किनाऱ्यावरून स्कार्वोय बेटावर यायला बोटीला पस्तीस मिनिटं लागत. तेवढ्यात कोण कुठे गेलं होतं, काय घेऊन आलं आणि कुणाशी भांडून आलं, याची बित्तंबातमी ओस्ताकडे जमा झालेली असे. बेटावर माणसं जेमतेम दीडशे. लहानथोर सगळे तिला नुसतं ओस्ता म्हणत आणि तिच्यासमोर खोटं बोलायच्या भानगडीत पडत नसत.

निवृत्त झाल्यावर तिने सगळा जीव बागेत ओतला. घरामागे दगडी बांधाच्या आडोशाला बटाटे, केलची भाजी, लेट्यूस, दोन वाफे गाजरं आणि दाराशी डेलियाची रांग. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात डेलिया वाढवणं म्हणजे खायचं काम नाही. पण ओस्ताच्या डेलिया ताटाएवढ्या फुलत आणि बोटीतून उतरणारी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून त्या बघायला येत.

तिची धाकटी बहीण गुडनी पलीकडच्या किनाऱ्यावर राहायची. एका ऑगस्टमध्ये ओस्ता तिच्याकडे चार दिवस राहायला गेली. पहिल्याच संध्याकाळी जेवण झाल्यावर गुडनीने एका हातात कात्री घेतली, दुसऱ्या हातात बादली, आणि म्हणाली, "चल, फिरायला जाऊ."

"कात्री घेऊन?"

"चल तर खरी."

बागेत फुलं नव्हतीच, नुसते दांडे उभे होते. लेट्यूसच्या जागी चिकट, चकाकणारे माग उरले होते. आणि ओल्या गवतात, पायवाटेवर, कुंड्यांच्या कडांवर, जिकडे बघावं तिकडे बोटभर लांबीच्या तपकिरी, बिनशंखाच्या गोगलगायी. अशा गोगलगायीला शेतकरी शेंबडी म्हणतात. पण ही साधी शेंबडी नव्हती. परदेशी झाडांच्या कुंड्यांतून ती देशात शिरली होती आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पसरत चालली होती. लोकांनी तिचं नाव खुनी गोगलगाय ठेवलं होतं. तासाभरात दोघी बहिणींनी दोनशेच्या वर कापल्या. गुडनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे रोजचं आहे. उद्या परत एवढ्याच." आणि अचानक रडायलाच लागली.

ओस्ता परतली ती फणफणतच. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तिने बुटांचे तळवे ब्रशने घासले. आठवडाभरात धक्क्यावर एक पाटी लागली, "माती पलीकडेच ठेवून या". पाटीखाली पाण्याची नळी आणि दोन ब्रश. कुणी कुंडी आणली की ओस्ता हजर. कुंडीतून झाड बाहेर काढायचं, मुळं धुवायची, माती तिथेच पोत्यात. गाडीच्या चाकांना चिखल असला तरी सुटका नव्हती.

शेजारचा सिग्वर्त तिची टर उडवल्याशिवाय राहत नसे. पंचेचाळीस वर्षं मासेमारी करून आता तो स्ट्रॉबेरी लावत होता.

"ओस्ता, माझी नातवंडं येताहेत गं उद्या. त्यांनाही कुंडीतून काढून झटकशील का?"

"नातवंडं धुवेन. तुला मात्र उकळत्या पाण्यात टाकेन."

सात वर्षं गेली. स्कार्वोयवर एकही खुनी गोगलगाय आली नाही.

आठव्या वर्षी जुलैचा तिसरा आठवडा नुसता रिपरिपीचा गेला. मंगळवारी सकाळी ओस्ता केलच्या ओळींत शिरली. चालायला म्हणून तिने मध्ये फळ्या टाकल्या होत्या. त्यातली एक तिने सहज उचलून उलटी केली आणि तशीच वाकलेली राहिली. फळीच्या खालच्या अंगाला एक तपकिरी शेंबडी चिकटलेली होती, बोटभर लांब.

बेटावर आपली जुनी काळी शेंबडीही होती, आणि तीही कधी कधी तपकिरी निघते. पण ओळखायची खूण गुडनीने तिला शिकवली होती. काळीच्या पाठीवरून बोट फिरवलं की ती अंग आखडते आणि पाळण्यासारखी डावी-उजवीकडे झुलायला लागते. खुनी झुलत नाही. ओस्ताने तर्जनी टेकवली आणि हळूच फिरवली. शेंबडीने अंग आखडलं आणि गोळा होऊन गप्प बसली.

पुन्हा एकदा. तरी ढिम्म हलली नाही.

"सिग्वर्त!" ओस्ता बांधावरून ओरडली. "आत्ताच्या आत्ता ये! आहेस तसा ये!"

सिग्वर्त हातात कॉफीचा पेला घेऊन आला. त्याने वाकून बघितलं.

"झुलत नाही," ओस्ता म्हणाली.

"दमली असेल."

"सिग्वर्त, चेष्टा करू नकोस. ही ती आहे."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेला बांधावर ठेवला. मग दोघांनी मिळून केलच्या वाफ्यातल्या सगळ्या फळ्या उलटल्या. एकूण सात शेंबड्या निघाल्या.

ओस्ताला कुणाला विचारायची गरज नव्हती. तिला गुन्हेगार ठाऊक होता. एप्रिलमध्ये राग्नी नावाची पस्तिशीची बाई बर्गनहून बेटावर राहायला आली होती. आली तीच मुळी गाडीमागे जोडलेल्या खटाऱ्यात तेरा कुंड्या घेऊन. बर्गनला तर या गोगलगायींनी उच्छाद मांडलेला. त्या दिवशी ओस्ताने धक्क्यावर बाराच कुंड्या तपासल्या होत्या. तेरावी पुढच्या सीटवर होती, आणि राग्नी "ही फार नाजूक आहे हो" असं म्हणून ती तशीच घेऊन गेली होती. बुटांना चिखल, केसांत गवत, अशा अवतारात ओस्ता डोंगराच्या पायथ्याशी राग्नीच्या दारात उभी राहिली आणि तिने एक शेंबडी घातलेली काचेची बरणी पुढे धरली.

"ही तुमची."

राग्नीने बरणी उजेडात धरली. "माझी कशावरून?"

"बर्गनची आहे. तुमच्या तेराव्या कुंडीतली."

"तिच्यावर पत्ता लिहिलाय का?" राग्नी शांतपणे म्हणाली. मग तिने दार पूर्ण उघडलं. "या आत. तेराही कुंड्या उपसू. आत्ता. तुमच्यादेखत."

राग्नी सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर काम करायची. समुद्रात बांधलेल्या त्या पिंजऱ्यांतून दर आठवड्याला मासे काढायचे, पांढऱ्या टबात ठेवून त्यांच्या अंगावरच्या उवा एकेक करून मोजायच्या आणि परत सोडायचे, हा तिचा उद्योग. तसाच पांढरा टब तिने अंगणात आणला. एकेक कुंडी उपडी केली. माती बोटांनी कुस्करली, मुळं सोडवली. नाजूक म्हणून जपलेलं ते तेरावं रोपसुद्धा तिने मुळासकट उघडं केलं. दोन तास लागले. दोन गांडुळं आणि एक किडा. बस.

ओस्ताचा चेहरा पडला. "मग कुठून आली?"

"ते शोधायचं," राग्नी म्हणाली. "आमच्याकडे नियम आहे. मोजल्याशिवाय ओरडायचं नाही. तुमच्या बागेत दोरी मिळेल का?"

त्याच दुपारी राग्नीने ओस्ताच्या बागेचे दोरी लावून चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात एक ओली फळी, फळीखाली गाजराची सालं. प्रत्येक फळीवर खडूने आकडा. सिग्वर्त खुंट्या ठोकत होता. "अगदी मासेमारीसारखं आहे की," तो म्हणाला. "जाळी टाका आणि झोपा."

"झोपायला वेळ नाही," राग्नी म्हणाली. "ऑगस्ट लागला की या अंडी घालायला सुरुवात करतील. एकेक शेंबडी चारशेपर्यंत अंडी घालते. आज अठरा तारीख. आपल्याकडे जेमतेम दोन आठवडे आहेत."

ओस्ताने हिशेब केला आणि तिच्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर, त्या काट्याबरोबर दुसरंही काही आलं. बोटीवरची नोकरी संपल्यापासून इतक्या वर्षांत तिचं रक्त असं सळसळलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सहाला तिघं बागेत हजर. एक नंबरची फळी, शून्य. दोन, शून्य. सहा, एक. सात, तीन. ओस्ता फळ्या उलटत होती, सिग्वर्त चिमट्याने उचलून उकळत्या पाण्याच्या बादलीत टाकत होता, राग्नी आकडे लिहीत होती. त्या दिवशी एकूण एकोणीस. गुरुवारी तीस. शुक्रवारी राग्नीने कागद फळीवर पसरला आणि पेन्सिलने आकड्यांवर गोल काढले. दाराशी शून्यच शून्य होती. केलमध्ये एक, दोन. बागेच्या मागच्या टोकाला होडी ठेवायचं छप्पर होतं, तिकडे जावं तसे आकडे फुगत गेले होते, आणि छपरामागच्या कोपऱ्यात सगळ्यात मोठा गोल होता.

"या कोपऱ्यात काय आहे?" राग्नीने विचारलं.

ओस्ताने जवळची एक फळी उचलून हातात घेतली.

"ओस्ता?"

"रुबार्ब."

मागल्या शरदात तिचं माहेर विकलं गेलं होतं. पलीकडच्या किनाऱ्यावर, फ्योर्डच्या म्हणजे लांब खाडीच्या टोकाशी असलेलं ते शेत भाच्याने ट्रॉनहाइम शहरातल्या कुठल्याशा डॉक्टरला देऊन टाकलं. ओस्ता शेवटचं बघायला गेली. घरातलं तिला काहीच नको होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी आईने लावलेला रुबार्ब, लाल आंबट देठांची ती भाजी, मात्र तिने भर पावसात खणून काढला, मातीच्या ढेकळासकट पोत्यात गुंडाळला आणि गाडीत टाकला. गाडी बोटीतून उतरली ती तिच्याच पाटीखालून. तिने नळीकडे पाहिलंसुद्धा होतं. पण त्या मातीत आईचे हात फिरले होते. ती धुऊन टाकायची म्हणजे काय?

हे सगळं तिने दोघांना उभ्या उभ्या सांगितलं. सांगताना हातातली फळी तिने घट्ट धरून ठेवली होती. सिग्वर्तला टोमणा मारायची याहून चांगली संधी आयुष्यात मिळाली नसती. त्याने टोपी काढली, परत घातली.

"फावडं आणतो," एवढंच म्हणाला.

रुबार्ब निघाला तो बैलाच्या डोक्याएवढा. त्यांनी माती ताडपत्रीवर पसरली, चाळली. त्या एका ढेकळात आणि आसपास तेवीस शेंबड्या निघाल्या. अंडी नव्हती अजून. ओस्ता स्वतः आतून किटलीमागून किटली उकळतं पाणी आणून मातीवर ओतत होती. वाफेत तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि ते तिला बरंच वाटलं असावं. सगळं मूळ आगीत टाकायची वेळ आली तेव्हा राग्नीने तिचा हात धरला. सुरीने मुठीएवढा एक तुकडा कापला, त्याला एक लाल कोंब होता. तो तिने ब्रशने घासघासून धुतला आणि भिंगाखाली धरून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"हा माझ्याकडे राहील. धुतलेल्या वाळूत, माझ्या न्हाणीघराच्या खिडकीत. वर्षभर."

"माझ्याकडे का नाही?"

"तुझ्यावर माझा भरवसा नाही," राग्नी म्हणाली. त्या दिवशी दोघी एकमेकींना अगं-तुगं करायला लागल्या.

शनिवारी पहाटे साडेपाचला ओस्ताच्या दारावर धाडधाड थापा पडल्या. दारात सिग्वर्त, अंगात नुसती लोकरी लांब विजार आणि बनियन, हातात कॉफीचा पेला. पेल्यात कॉफी नव्हती.

"स्ट्रॉबेरीत!" त्याला धाप लागली होती. "माझ्या स्ट्रॉबेरीत, ओस्ता! रस्ता ओलांडून आली ही! पिकलेल्या फळात डोकं खुपसून बसली होती, निर्लज्ज!"

"झुलली का?"

"झुलत कसली! मी चार वेळा कुरवाळली!"

आता हे तिघांच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ओस्ता बेटाच्या समाजघरात उभी राहिली. सत्तर-ऐंशी माणसं आली होती. तिने कॉफी ओतू दिली नाही, वॅफल वाटू दिले नाहीत. आधी म्हणाली, "मला बोलायचंय."

मागच्यांनी बाकं पुढे ओढली.

"सात वर्षं मी तुमचे बूट धुवायला लावले. तुमच्या कुंड्या उपसल्या. मागच्या शरदात मी स्वतः माहेरचा रुबार्ब न धुता आणला. खुनी गोगलगाय बेटावर मीच आणली. आणि आरोप केला राग्नीवर. तिची माफी मी मागितली आहे, आता तुमची मागते." तिने बोटांवर दिवस मोजले. "दहा दिवसांत सगळ्या सापडल्या तर आपण वाचलो. नाहीतर कायमच्या झाल्या. मला एकटीला जमणार नाही."

मागच्या बाकावरून बोटीचा जुना इंजिनवाला टोर्माड उठला. ओस्ताने एकदा त्याच्या नव्या गाडीची चाकं तीन वेळा धुवून घेतली होती. सगळ्यांना वाटलं, आता हा उट्टं काढणार.

"माझ्याकडे चाळीस फळ्या आहेत," टोर्माड म्हणाला. "कुठे टाकायच्या ते सांग. आणि आता कॉफी दे."

मग जो गलका उडाला! एकजण दोरी देतो म्हणाला, दुसरी गाजरं. बेटावर सामूहिक कामाला दुग्नाद म्हणतात, आणि दुग्नाद पुकारला की तापाने फणफणलेला माणूससुद्धा निदान केक तरी पाठवून देतो. राग्नीने भिंतीवर बेटाचा नकाशा लावला, चौकोन पाडले, प्रत्येक घराला चौकोन दिले. टेबलावर दोन बश्या ठेवल्या होत्या. एकीत खुनी, दुसरीत आपली काळी. मासेमारीने हात राठ झालेले दांडगे पुरुष रांगेने येऊन शेंबड्यांच्या पाठीवरून बोट फिरवून बघत होते. काळी झुलायला लागली की सगळं समाजघर टाळ्या वाजवी.

"आपलीला कुणी हात लावायचा नाही," ओस्ता बजावत होती. "झुलली तर सोडून द्या. ती इथलीच आहे."

"आणि टोर्माडला कुरवाळलं तर तो झुलतो का?" सिग्वर्तने विचारलं.

"बायकोने केलं तर," टोर्माड म्हणाला, आणि हसण्याचा एकच गदारोळ झाला.

पुढचे दिवस बेट पहाटेच उठत होतं. रोज सहाला फळ्या उलटायच्या, सातला आकडे समाजघरातल्या फळ्यावर. लोक बोटीवर जाताना आधी फळा बघून जात. सोमवारी एकवीस. मंगळवारी चौदा. बुधवारी पाऊस पडला आणि बावीस झाल्या तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली. गुरुवारी सहा. ओस्ताला जेवण गोड लागेना, तिचं वजन उतरलं, पण चालणं असं झालं होतं की चाळिशीतल्या बायका मागे पडत. गुडनीही पलीकडून आली, बूट घासून, कात्री घेऊन. "सगळ्या गावाने मिळून मारताना मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. "आमच्याकडे प्रत्येक जण आपापल्या कुंपणाच्या आत रडतो."

तीन ऑगस्टला सिग्वर्तने आपली उपडी होडी बाजूला सरकवली आणि बोंब ठोकली. होडीच्या कडेखाली ओल्या मातीत पांढरी, मोत्यांसारखी अंडी होती, मूठभर.

"कुणी हलवू नका!" राग्नी धावत आली. "एकही सांडता कामा नये!"

ओस्ताच्या स्वयंपाकघरापासून होडीपर्यंत माणसांची साखळी उभी राहिली. एका हातातून दुसऱ्या हातात उकळत्या किटल्या सरकत होत्या. पाणी पडलं तसे ते मोती दुधाळ झाले, मग माती खणून तीही उकळली. त्यानंतर गुडघ्यांवर बसून वीस माणसांनी अंगणातला प्रत्येक दगड उलटला. आणखी अंडी मिळाली नाहीत.

सात ऑगस्टला फळ्यावर शून्य लागलं. आठला शून्य. नऊला टोर्माडच्या खतापाशी एक मिळाली, त्याने ती बरणीत घालून घरोघर दाखवली. मग शून्य, शून्य, शून्य. एकूण एकशे बासष्ट. पानगळ झाली, वादळं सुरू झाली, तरी लोक फळ्या उलटत राहिले.

"आता जिंकलो म्हणायचं का?" ओस्ताने विचारलं.

"पुढच्या जुलैत विचार," राग्नी म्हणाली. "एखादा पुंजका राहिला असेल तर तेव्हा कळेल."

तो हिवाळा ओस्ताला फार लांब गेला. मेपासून तिने परत फळ्या टाकल्या. मे शून्य. जून शून्य. जुलैत तिघांनी ठरवून तीन आठवडे रोज मोजलं. शेवटच्या सकाळी नेमका तसाच रिपरिप पाऊस होता, शेंबड्यांना आवडावा असा. निम्मं बेट छत्र्या घेऊन बांधाबाहेर उभं. ओस्ता फळी उलटायची आणि मोठ्याने आकडा सांगायची. शून्य. शून्य. तिचा आवाज प्रत्येक फळीला चढत गेला. शेवटची फळी होडीच्या छपरामागची. तिने ती उचलली, खालून-वरून पाहिली, बोटांनी चाचपली.

"शून्य!"

सिग्वर्तचा विश्वास बसेना. तो चिखलात गुडघे टेकून स्वतः बघून आला. मग उठला आणि राग्नीला उचलून गरगर फिरवलं. वयाच्या मानाने ते शहाणपणाचं नव्हतं. त्याची कंबर पुढे आठवडाभर धरली होती. लोक ओरडत होते, टोर्माड छत्री हवेत फेकत होता. ओस्ता वाफ्याकडे वळली. लेट्यूसचा एक टपोरा गड्डा तिने मुळासकट उपटला. एकाही पानाला भोक नव्हतं. पावसातच तो तिने झटकला, फाडून तीन वाटे केले आणि दोघांच्या हातात एकेक ठेवला.

तिघंही तिथेच उभ्याने कुरुमकुरुम खात राहिली.

"मीठ हवं होतं," सिग्वर्त म्हणाला.

"गप खा," ओस्ता म्हणाली, आणि आणखी गड्डे उपटायला वाकली, कारण बांधाबाहेर अजून पन्नास माणसं उभी होती.